दुसरी किल्ली

धाराशिव,
कोजागरीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

टाके निघाले का, ते आधी कळव आणि मग पुढचं वाच.

परवा फोनवर जे बोललो ते बोलायला नको होतं. बोलता बोलताच मला ते कळत होतं, पण गाडी उताराला लागली की माझी थांबत नाही, हे तुला माहीत आहे. अपेंडिक्स काढलं हे तू आम्हाला नवव्या दिवशी सांगितलंस, तेही आईने "आवाज का बारीक येतोय गं?" म्हणून खोदून विचारलं तेव्हा. मी म्हणालो, "मला न विचारता पोट कापून घेतलंस? बाप आहे मी तुझा." त्यावर तू म्हणालीस, "बाबा, इथे माझ्या पोटाला माझीच सही लागते. तुम्ही म्हणजे अगदी पात्रिया पोतेस्तास आहात," आणि फोन ठेवलास. आई विचारत होती, काय म्हणाली म्हणून. मी म्हटलं, लॅटिनमधून शिवी दिली.

रात्री झोप येईना. तू जाताना ठेवून गेलेली निळी बॅग माळ्यावरून काढली, त्यातली दोन पुस्तकं घेतली. सकाळी बंटीला पिटाळून तू मेलवर धाडलेली, रोमन बायकांवरच्या तुझ्या प्रबंधाची प्रकरणं झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. 112 पानं. गेल्या वर्षी "वाचतो" म्हणालो होतो, वाचली नव्हती. आता वाचली, डिक्शनरी मांडीशी घेऊन. तेव्हा हे पत्र लांबणार. हातानेच लिहितोय, बंटी फोटो काढून पाठवेल. त्यालाही तेवढंच वाचायला मिळेल, इलाज नाही.

किल्लीचं मी विचारणार नव्हतो. आईला तसं कबूल केलंय. पण तू म्हणालीस ना, रात्री दोन वाजता टॅक्सी येईपर्यंत जिन्यात बसून होते, ते काही डोळ्यांपुढून जात नाही. जिन्यात आलीस म्हणून बरं. आत असतानाच घेरी आली असती तर? दार आतून लावलेलं, रोमच्या सान लोरेन्झोतली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, घरमालकीण राहते दुसऱ्या गावी. तुझ्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? असो. विचारून झालं. आता पुन्हा नाही.

तर ती शिवी. रोमन बापाचा अधिकार मुलं सज्ञान झाली तरी संपत नसे, तो बाप मरेपर्यंत चाले. म्हणजे मी 67 वर्षांचा, दादा 37 वर्षांचा, पण रोमच्या कायद्याने त्याच्या नावावर चपलेचा जोडसुद्धा नाही. सगळं माझं. हे त्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो, "मग होमलोनचा हप्ताही तुमचाच." मुलीच्या बाबतीत तर जन्मल्यावर तिला ठेवायचं की उघड्यावर टाकायचं इथपासून बापाच्या हाती. लग्न झालं तरी सुटका नाही. जुन्या पद्धतीच्या लग्नात ती बापाच्या हातातून नवऱ्याच्या 'हातात' जायची, आणि कायद्यात शब्दही तोच, 'मानुस', म्हणजे हात. नवरा तिचा जणू दुसरा बाप. पुढे पुढे लोक 'हात' न बदलणारं लग्न पसंत करू लागले. मग ती नांदते नवऱ्याच्या घरी आणि अधिकार बापाचा. बापाला वाटलं तर चालता संसार मोडून तिला परतही आणता येई. फार उशिरा एका सम्राटाने त्याला आळा घातला.

आणि बारा फलकांचा तो इ. स. पू. 450 च्या सुमाराचा कायदा! नवऱ्याकडे वर्षभर सलग राहिली की बाई आपोआप त्याच्या अधिकारात जाते. तसं व्हायला नको असेल तर दरवर्षी तीन रात्री घराबाहेर काढायच्या. मी हे सुशीआत्याला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "मी पण तीन रात्रींसाठीच आले होते रे. छत्तीस वर्षं झाली."

नावांचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. पुरुषाला तीन तीन नावं, आणि मुलीला स्वतःचं असं बहुतेक काहीच नाही. टुलियस घराण्यातली म्हणून टुलिया, ज्युलियस घराण्यातली म्हणून ज्युलिया. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. आणखी एक झाली तर टर्शिया, म्हणजे नुसती 'तिसरी'. एक मात्र खरं, लग्न झालं तरी ते नाव पुसत नसत. तुझी आजी माहेरची द्वारका. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'लक्ष्मी' लिहिलं आणि द्वारका संपली. शेवटच्या आजारात मी एकदा कानाशी जाऊन "द्वारका" म्हटलं, तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तसं म्हणायचा धीर झाला नाही. तुझं नाव मी ठेवलंय. बारशाला आत्याने कानात फक्त सांगितलं. आळंदीच्या मुक्ताईचं नाव. दार लावून बसलेल्या ज्ञानोबाला "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हणणारी ती. आणि तू दार आतून लावून बसतेस.

जाऊ दे. मी कुठे होतो?

सही. आता सहीचंच सांगतो. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात ते 'तुतेला' आहे ना, पालकत्वाचं, ते मी तीनदा वाचलं. बाप मेला, नवऱ्याचा 'हात' नाही, बाई सज्ञान, पैसेवाली, तरी मोठ्या व्यवहाराला एका पुरुष पालकाची संमती लागायची. मृत्युपत्र करायचं, गुलामाला मुक्त करायचं, ठरावीक मोलाच्या वस्तू विकायच्या, तर संमती आण. कारण काय, तर बायकांची बुद्धी चंचल. आणि मग तो गायस, दुसऱ्या शतकातला कायदेपंडित, स्वतःच लिहून जातो की हे कारण वरवर पटण्यासारखं आहे, खरं नाही; सज्ञान बायका आपले व्यवहार आपणच करतात, पालक नुसता नावापुरता मान डोलावतो, आणि पुष्कळदा तर त्याची इच्छा नसली तरी न्यायाधिकारी त्याला संमती द्यायला लावतो. म्हणजे कायदा शिकवणाऱ्याला माहीत आहे की आत काही नाही, तरी सहीचा रकाना तसाच. ऑगस्टस सम्राटाने त्यातून सूट दिली, तीही कशी? स्वतंत्र जन्मलेल्या बाईने तीन मुलं जन्माला घातली आणि गुलामीतून सुटलेलीने चार, तर तिला पालकाची गरज नाही. पोरं मोजून सही माफ.

मुक्ता, तुला एक कधी सांगितलेलं नाही. तू झालीस त्या दिवशी, 1994 साली, मी नववीच्या वर्गावर होतो. पानिपत चालू होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, वहिनींना दवाखान्यात नेलंय." मी "येतो" म्हटलं आणि तास पूर्ण केला. घंटा झाल्यावर हात धुतले, हजेरीपट ठेवला, सायकल काढली. तिथे पोचलो तर कळलं, सिझर करायचंय, कागद तयार आहे, आणि नवऱ्याच्या सहीसाठी थांबलेत. आई बाकावर आडवी, पदराचा बोळा दातांत. पाऊण तास. पोट तिचं, पोर तिचं, आणि सही माझी. मी सही केली. माझी सही वळणदार आहे, तीही घाईत बिघडली नव्हती, हे मला नेमकं आठवतं.

दादाच्या वेळी मी सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर होतो. तेव्हा पहिली खेप म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलोय.

आईने आजवर एका शब्दाने काढलेलं नाही. परवा तू "माझीच सही लागते" म्हणालीस तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती, फोन स्पीकरवर होता. ती आत गेली आणि कुकर लावला. दुपारची वेळ नव्हती, संध्याकाळचीही नव्हती.

म्हणून सांगतो, दुखत असताना, परक्या भाषेतला कागद वाचून तू खाली स्वतःचं नाव लिहिलंस, याचा मला अभिमानच आहे. राग सहीचा नव्हता. राग नऊ दिवसांचा होता. आणि ते नऊ दिवस मी कोण होतो? इथे बाजारात जाऊन भेंडी आणत होतो, पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसून तुझ्या रोमच्या गप्पा मारत होतो.

आता थोडं ऐकून घे. जड उचलू नकोस. त्या भुयारातल्या थडग्यांत इतक्यात उतरू नकोस, ओल असते. कॉफी कमी कर. ताक तिकडे मिळत नाही हे मला माहीत आहे, पण दही मिळतं आणि पाणी मिळतं, म्हणजे ताकही मिळतं. जेवणाच्या वेळी जेवत जा, पाटीवरची अक्षरं दोन हजार वर्षं थांबलीत, आणखी अर्धा तास थांबतील. आणि खोली एकटीची घेतलीस तेव्हाच मी म्हणालो होतो की कुणी सोबतीला... झालं, व्याख्यान सुरू झालं. माफ कर. 34 वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर माणूस बसूनही उभाच असतो.

तुला हसू येईल, पण त्या सगळ्या पानांत मला बायकांपेक्षा बापच जास्त दिसले.

सिसेरो घे. राजकारणातला एवढा बडा माणूस, आणि लेकीचं नाव काढलं की "टुलियोला", म्हणजे आपल्याकडचं "टुल्ले" म्हणायचं. इ. स. पू. 57 मध्ये हद्दपारीतून परत येताना 5 ऑगस्टला ब्रिंडिसीच्या बंदरात उतरला, तर ती तिथे हजर. आणि तो तिचा वाढदिवस. हे तो पत्रात आवर्जून कळवतो. पुढे तो सिलिशियाचा कारभार बघायला दूर पूर्वेला गेलेला असताना तिच्या तिसऱ्या लग्नाचं चाललं होतं. त्याने घरी लिहिलं, मी इतका लांब आहे, मला विचारत बसू नका, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. स्वतः त्याने दुसराच मुलगा मनात धरला होता. त्याचा निरोप पोचायच्या आत टेरेन्शिया आणि टुलिया, मायलेकींनी डोलाबेला ठरवूनही टाकला. ज्याच्या हातात सगळा कायदा, तो बाप अंतरापुढे म्हणतो, मला विचारू नका! हे वाचल्यावर मी जरा वेळ अंगणात जाऊन आलो.

जावई वाईट निघाला, ते वेगळं. इ. स. पू. 45 च्या फेब्रुवारीत टुलिया बाळंतपणानंतर गेली. पस्तिशीही गाठली नव्हती. मग तो आस्तुराला समुद्रकाठी जाऊन राहिला, सकाळी दाट झाडीत शिरायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. तिचं समाधी नव्हे, देऊळ बांधायचं म्हणून जागा शोधत राहिला, मित्राला पत्रांवर पत्रं. ते देऊळ काही झालं नाही. त्याची शेकडो पत्रं राहिली. तिचं एकही नाही. बापाने बंदरावर उतरताना तिला पाहिलं, तेवढं कळतं. तिला त्या दिवशी काय वाटलं, ऊन किती होतं, किती दिवस वाट बघत बसली होती, काही नाही.

हेच तर तुझ्या प्रबंधात पानोपानी आहे. आधी मला ते तक्रारीसारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. ती क्लॉडिया घे, जिच्या थडग्याच्या पाटीवर शेवटी लिहिलंय की तिने घर सांभाळलं, लोकर कातली. चालही डौलदार होती म्हणे, बोलणं गोड होतं. आयुष्य एवढंच? आपल्या गल्लीतल्या फ्लेक्सवर 'प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक' लिहितात तसंच. पण तू म्हणतेस त्या दुसऱ्या लांबलचक लेखात, टुरियाचा म्हणतात त्यात, नवऱ्याने बायकोचे खरे पराक्रम दगडावर कोरलेत: नवरा जिवावरच्या संकटात असताना अंगावरचे दागिने उतरवून त्याला धाडले, पैसे पुरवले, त्याच्या सुटकेसाठी सत्ताधाऱ्याच्या पायांशी जाऊन मार खाल्ला. आणि मूल होत नाही म्हणून स्वतःच म्हणाली, मला सोडचिठ्ठी द्या आणि दुसरी करा, मी तुमच्याशी बहिणीसारखी वागेन. तो संतापला. 41 वर्षं संसार. त्या 41 वर्षांचं ऐकून आई म्हणाली, "एवढ्या वर्षांत संतापला ते हेच एकदा का?"

आईला सगळ्यात आवडला तो ओपियसचा कायदा. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. 215 मध्ये बायकांवर बंदी घातली: अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं नको, रंगीत कपडे नकोत, शहरात घोडागाडीत बसायचं नाही. युद्ध संपलं, पुरुषांच्या जांभळ्या काठाच्या वस्त्रांना कुणी हात लावला नाही, बायकांची बंदी मात्र तशीच. मग इ. स. पू. 195 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, फोरमकडे, म्हणजे रोमच्या मुख्य चौकाकडे, जाणारे रस्ते अडवून येणाऱ्या-जाणाऱ्या पुढाऱ्यांना धरू लागल्या. केटो गरजला, आज यांना बरोबरीने वागवलंत तर उद्या या वरचढ होतील. कायदा रद्द झालाच. आई म्हणाली, "म्हणजे आमचा हंडा मोर्चा." तुला आठवणार नाही, तू दुपट्यात होतीस. आई तुला आत्याकडे टाकून रिकामा हंडा घेऊन कचेरीवर गेली होती, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी "सर, वहिनी दिसल्या बरं का" म्हणाला तेव्हा मी मान खाली घालून वह्या तपासत राहिलो. टँकर तीन दिवसांत आला. ते पाणी मी प्यायलोच की.

हॉर्टेन्शियाचंही आईला सांगितलं. इ. स. पू. 42 मध्ये 1400 श्रीमंत बायकांवर युद्धाचा कर बसवला, तेव्हा ती भर फोरममध्ये उभी राहून बोलली: पदं आम्हाला नाहीत, मान नाही, राज्यकारभारात वाटा नाही, मग कर आम्ही का भरायचा? यादी 400 वर आणावी लागली. दोन्ही गोष्टी पैसेवाल्या बायकांच्या आहेत, हे मला कळतं. ज्या दासी त्यांचे केस विंचरत होत्या त्यांना ना बाप, ना पालक, ना लग्न कायद्यात बसणारं. तू त्यावर वेगळं प्रकरण लिहिणार आहेस म्हणालीस. लिही. लवकर नको, बरी होऊन लिही.

ऑगस्टसबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मला तो माणूस सहन झाला नाही. त्याची लेक ज्युलिया जन्मली त्याच दिवशी तिच्या आईला, स्क्रिबोनियाला, घटस्फोट दिला. घरात मुली-नातींना सूत कातायला बसवलं, स्वतः घरच्या कापडाचे कपडे घालून मिरवला. तीन लग्नं लावली तिची, सगळी स्वतःच्या गादीच्या सोयीने. आणि इ. स. पू. 2 मध्ये, आपणच केलेल्या व्यभिचाराच्या कायद्याच्या नावाने, एकुलत्या एका पोरीला पांदातेरिया नावाच्या बेटावर धाडलं. वाइन बंद, परवानगीशिवाय कुणी पुरुष फिरकायला बंदी. तिची एक गुलामीतून सुटलेली दासी गळफास लावून मेली तेव्हा म्हणाला, हिचा बाप असतो तर बरं झालं असतं. स्क्रिबोनिया मात्र आपण होऊन लेकीबरोबर त्या बेटावर गेली. तेव्हा ती साठीच्या पुढची असणार. हे वाचून आईने विचारलं, "पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात?"

मी तिला म्हटलं, अगं ती काही बेटावर नाही. पण फॉर्म भरलाय. तिची सही तिनेच केली.

एक पत्र आहे, रोमच्या अमलातल्या इजिप्तमधलं, इ. स. पू. 1 मधलं. हिलारियन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियात अडकलाय, घरी गरोदर बायकोला लिहितोय. पोराची काळजी घे, मजुरी मिळाली की लगेच धाडतो. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, तू निरोप धाडलास की मला विसरू नका, तुला कसा विसरेन, काळजी करू नकोस. दुष्ट असता तर मी पान उलटलं असतं. चांगला, मायाळू, घरी पैसे पाठवणारा नवरा आहे गं तो. आणि मी कोण, तर फक्त तास पूर्ण करणारा.

मिनिसिया मार्सेलाच्या पानावर तू पेन्सिलीने काहीतरी लिहिलंयस, मेलमधल्या पानावरही ते आलंय: 'इथे उगाच रडू येतं, का?' मी सांगतो का. धाकटा प्लिनी म्हणून रोमन लेखक, त्याने लिहिलंय ते. फुंडानस नावाच्या मित्राची लेक. लग्नाचा दिवस ठरलेला, आमंत्रणं गेलेली. आजारी पडली. वैद्य सांगतील ते मुकाट केलं, आणि अंथरुणातून बापाला आणि बहिणीला धीर देत राहिली. गेल्यावर बाप, जो पैसा कपडे, मोती, दागिन्यांवर खर्चायचा होता तो धूप आणि सुगंधी द्रव्यांवर खर्च करायला सांगतोय. प्लिनी म्हणतो, पुरते चौदाही झाले नव्हते. आणि रोमच्या मोंते मारियो टेकडीवर तिचा अस्थिकलश सापडला, त्यावर आहे 12 वर्षं, 11 महिने, 7 दिवस. पत्र लिहिणाऱ्याचं वय चुकलं. ज्याने दिवस मोजले तो बाप असणार.

अंथरुणातून ती बापाला धीर देत होती. नवव्या दिवशी तू मला काय म्हणालीस? "काळजी करू नका."

मी इतकंच म्हणतोय की मला धीर देऊ नकोस. खरं सांग. दुखतंय तर दुखतंय म्हण. मला ते पेलत नाही असं तुला वाटतं, आणि खरंच पेलत नाही, तरी सांग. आणि किल्लीचं... रोममध्ये नवी नवरी घरात आली की घराच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि सोडचिठ्ठी द्यायची तर किल्ल्या काढून घ्यायच्या, इतकी ती किल्ली म्हणजे बाईचं घरातलं स्थान. तूच टीप दिलीयस खाली. मला तुझ्याकडची किल्ली नकोय. तुझी तुझ्याकडेच राहू दे. मी दुसरीबद्दल बोलतोय.

तुला तेरचं संग्रहालय आठवतं? सहावीत होतीस, एसटीने गेलो होतो. ती हस्तिदंताची एवढीशी बाई, अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही, आणि तू भर संग्रहालयात मोठ्याने विचारलंस, "बाबा, हिला थंडी नाही वाजत?" मी तुला हाताला धरून बाहेर आणलं आणि गोरोबाकाकांच्या देवळात नेऊन बसवलं. तिथे तू तासभर रुसून होतीस. नंतर पहिल्या वर्षी नेपल्सहून फोटो पाठवलास, "तेरची बाई सापडली!" पाँपेईत 1938 साली मिळालेली, वीतभर उंचीची, तशाच कमरेची, दोन्ही बाजूंना दासी. तेरला, भोकरदनला मिळालेल्या बायकांची सख्खी बहीण. आपल्या तेरणेकाठची का कुठली ते पंडित बघतील, पण इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीची राख पडली तेव्हा ती तिथे होती, म्हणजे त्याच्या आधी कधीतरी समुद्र ओलांडून गेली होती. त्याच ज्वालामुखीत गेलेला थोरला प्लिनी हिशेब मांडून बसला होता की हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी साम्राज्याचे 10 कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमची नाणी, ओढून नेतात, इतकी महाग पडते आपली चैन आणि आपल्या बायका. जहाजं पुरुषांची, नफा पुरुषांचा, आणि बिल बायकांच्या नावावर! कट्ट्यावर सांगितलं तर देशमुख म्हणतात, "काही बदललं नाही सर." त्यांना पटलं की मला उगाच शंका येते.

एक बाई मात्र मला फार आवडली, ती ऑस्टियाजवळच्या इसोला साक्राची सुईण. स्क्रिबोनिया अ‍ॅटिके. नवरा, आई, सगळ्यांसाठी थडगं तिने स्वतः बांधलं, आणि दारावर स्वतःचं काम कोरून घेतलं: बाळंतीण खुर्चीवर, मागून एकीने धरलेली, आणि ही समोर बुटक्या स्टुलावर बसलेली. हात कामात, तोंड मात्र आपल्याकडे वळवलेलं, फोटो काढताना बघतात तसं. आपली तान्हाबाई अशीच बसायची. तान्हाबाईचा फोटो कुणाकडे नाही.

आणि ती विंडोलंडाची लाकडी पट्टी. ब्रिटनच्या टोकाला, थंडीत, इ. स. 100 च्या आसपास, एका अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या छावणीतल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावतेय. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटी तिने स्वतः लेखणी घेतली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, बहिणी, मी तुझी वाट बघेन. एवढ्या सगळ्या पानांत मला पहिल्यांदा एक बाई स्वतः बोलताना ऐकू आली.

तेव्हा मोबाइलवर टाइप करून पाठवू नकोस. चार ओळी हाताने लिही आणि फोटो पाठव. अक्षर वाकडं आलं तर मी समजेन की टाके दुखतायत.

आई, दादा-वहिनी, आत्या, सगळ्यांचे आशीर्वाद. लाडू कुरिअरने निघालेत. डिंक आहे त्यात, बाळंतिणीचे नाहीत, तशी घाबरू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. बंटीने शोधून काढलंय की किल्लीची नक्कल करून देणाऱ्या दुकानाला तिकडे फेर्रामेंता म्हणतात. जी शेजारीण तुला रुग्णालयात सूप घेऊन आली होती म्हणालीस, तिच्याकडे एक ठेव. खर्च माझा. आई म्हणते, आणखी एक करून इकडे पाठव म्हणावं, देव्हाऱ्यात ठेवते. मी म्हटलं, अगं, इथून काय उघडणार? तर म्हणते, तुम्ही नुसतं लिहा.